उशीचा पत्ता

मंगळवार, ३ सप्टेंबर

एकतीस वर्षं पोलिसात वह्या भरल्या, पण त्या सरकारच्या. ही माझी. बायको, हेलेना, असती तर हे सगळं तिला सांगितलं असतं आणि तिनं अर्धं न ऐकताच "हं" म्हटलं असतं. तिला जाऊन दोन वर्षं झाली. आता कागदालाच सांगायचं.

आज एल्मस्टेडच्या शाळाखात्यात रुजू झालो. काम सोपं आहे. पुलाच्या अलीकडं आमचं पोर्ट व्हॅनर, पलीकडं एल्मस्टेड. शाळा चालतात घरपट्टीवर. त्यांचे बंगले मोठे, म्हणून त्यांची शाळा मोठी, पोहायच्या तलावासकट. आमच्या शाळेचं छत गळतं. मग इकडची काही मंडळी खोटा पत्ता देऊन पोरं तिकडं घुसवतात. ती हुडकायची, बस. ऑफिसातल्या मिसेस लँगडन फार गोड बोलतात. म्हणाल्या, "प्रश्न एकच असतो, मिस्टर डुडेक. शाळेच्या आदल्या रात्री मूल कुठं झोपलं? उशी जिथं, तोच पत्ता."

फाइलीत मुलाचं नाव मुद्दाम देत नाहीत. पत्ता, इयत्ता आणि गाडी, एवढंच. नाव कळलं की माणूस हळवा होतो म्हणे. हे कुणाला सांगतायत, मला! तक्रारी फोनवर येतात, निनावी. बहुतेक शेजारीच करतात. "ते पोर गाडीत नाश्ता करतं" एवढ्यावरसुद्धा फोन येतो.

रविवार, ८ सप्टेंबर

टेस आणि जूनी जेवायला आल्या होत्या. माझी लेक एल्मस्टेडच्या दंतवैद्याकडं दात साफ करायचं काम करते. नवरा सोडून गेल्यापासून पोरीला एकटीच वाढवतेय. नोकरीचं सांगितलं तर खूश होईल असं वाटलं होतं. तिनं काटा खाली ठेवला.

"सगळ्या जगात हीच नोकरी मिळाली तुम्हाला, बाबा?"

"का, वाईट काय आहे? प्रामाणिक काम आहे."

"रोज सकाळी त्या पुलावरून आपली माणसं तिकडं जातात. त्यांचे दात घासायला, त्यांची गवतं कापायला, त्यांच्या म्हाताऱ्या सांभाळायला. ते चालतं. पोरं तेवढी न्यायची नाहीत, होय ना?"

मी म्हटलं, कायदा कायदा आहे. माझा बाप त्यांच्या गिरणीत राबला, मी डिटेक्टिव्ह झालो, ते ह्याच गळक्या शाळेत शिकून. ती म्हणाली, "तुम्ही गिरणीतून बाहेर पडलात. मी अजून त्याच पुलावर उभी आहे." मग भांडी घासायला उठली ती नेहमीपेक्षा जास्त आपटून. आईवर गेलीय.

मंगळवार, २४ सप्टेंबर

पहिली फाइल. ऑर्चर्ड लेन, बंगला अकरा. इयत्ता पाचवी, मुलगी. हिरवी गाडी, मागचा दिवा फुटका. घर एका एक्क्याण्णव वर्षांच्या मिसेस थॅकरबाईंचं. मुलीची आई त्यांची शुश्रूषा करते आणि त्याच घराचा पत्ता शाळेला दिलाय.

पंधरा सकाळी पाळत ठेवायची. त्यातल्या आठ दिवशी मुलगी त्या घरात झोपलेली निघाली, तर शाळा तिची. सात निघाली, तर पोर्ट व्हॅनरला परत.

काल आणि आज दोन्ही दिवस पहाटे सव्वापाचला गेलो तेव्हा हिरवी गाडी दारात उभी होती, काचेवर जाड दव. म्हणजे रात्रभर तिथंच. सात वाजता मुलगी मागच्या दारानं बाहेर आली, वेण्या घट्ट बांधलेल्या, तोंडात पाव. दोन-शून्य.

रविवार, २९ सप्टेंबर

आज जेवताना बरं वाटलं. टेस निवळली. कामाबद्दल आपणहून विचारत होती. बऱ्याच दिवसांनी कुणीतरी माझं ऐकून घेतलं, मग काय, मीही सुटलो. सांगितलं की विजेचं बिल, भाडेकरार, सगळं खोटं करता येतं, पण दव खोटं करता येत नाही. गाडी रात्रभर बाहेर असेल तर काच दवानं भरते. पहाटे दुसरीकडून आली असेल तर काच कोरडी, आणि बॉनेटला हात लावला तर गरम.

"आणि घरच्या गॅरेजमधून आली तर?"

"गॅरेज आहे का ते मी आधीच बघतो, बाईसाहेब. बापाला काय समजलीस?"

ती हसली. म्हणाली, "दव पडतं तरी किती वाजता?" अशी चौकशी करत होती की मला वाटलं, ही पोरगीच पोलिसात जायला हवी होती.

जूनीचे केस ओले होते आणि अंगाला तलावाच्या औषधाचा वास. पोर्ट व्हॅनरच्या शाळेत आता रविवारीसुद्धा पोहायला नेतात म्हणे. चला, सुधारणा आहे! तिला शाळेतून आणायला मी येऊ का म्हणून टेसला विचारलं, तर नको म्हणाली. शेजारीण आणते.

बुधवार, २ ऑक्टोबर

बाईंचा मुलगा प्रेस्टन थॅकर आज माझ्या गाडीपाशी आला. हातात दोन कॉफ्या. शहरात राहतो, आठवड्यातून एकदा येतो. श्रीमंत, पण बिलकुल तोरा नाही. म्हणाला, "थंडीत बसावं लागतं तुम्हाला, वाईट वाटतं हो." मी कोण आणि इथं का बसलोय ते मी त्याला सांगितलंच नव्हतं, पण असल्या गल्लीत अनोळखी गाडी लपत नाही.

आईची फार काळजी करतो. विचारत होता की ती पोरगी इथं राहते असं सरकारी कागदावर आलं, तर त्या बाईला ह्या घरावर काही हक्क सांगता येतो का? आई मृत्युपत्रात कुणाकुणाची नावं घालायची भाषा करते हल्ली, वय झालं तिचं. मी म्हटलं, ते वकिलाला विचारा, मी फक्त उश्या मोजतो. तो मनापासून हसला. असा मुलगा सगळ्यांना मिळो.

शुक्रवार, ४ ऑक्टोबर

दहा सकाळी झाल्या. पाच-पाच. जेव्हा दुसरी बाई रात्रपाळीला येते तेव्हा ही मायलेकरं पोर्ट व्हॅनरला बहिणीच्या खोलीवर जातात आणि पहाटे परततात. खोटारडी नाहीत, पण पूर्ण खरीही नाहीत. अशा केसेस मला मुळीच आवडत नाहीत.

आज काचेवर टकटक झाली. तीच मुलगी.

"ओ काका, आजीनं आत बोलावलंय. थंडीत बसू नका म्हणाली."

जायला नको होतं. गेलो. स्वयंपाकघरात मिसेस थॅकर चाकाच्या खुर्चीत, आणि मुलीची आई मिरलँड अंडी फेटत होती. हैतीकडची आहे. माझ्याकडं बघितलं नाही तिनं. म्हातारी मात्र तल्लख.

"डुडेक? आमच्या गिरणीत एक डुडेक होता. रंगखात्यात. हात कायम निळे असायचे."

"माझे वडील, बाई."

"भला माणूस. माझे वडील म्हणायचे, डुडेक कधी रजा घेत नाही."

खरं सांगतो, छाती भरून आली. साठ वर्षांनी मालकाच्या लेकीला आमचं नाव आठवलं. त्या निळ्या हातांची मला लहानपणी लाज वाटायची, आणि ते हात पन्नाशीतच थंड पडले, हे मात्र तिथं आठवलं नाही. घरी आल्यावर आठवलं.

मग म्हातारी म्हणाली, "नादेज मला रोज वाचून दाखवते. माझ्या डोळ्यांचं काम तिच्याकडं आहे. ही इथंच राहते, लिहा." मिरलँड हळूच बोलली, "बाई, ते त्यांना जे दिसेल तेच लिहिणार." नादेजनं माझ्यापुढं अंड्याची बशी सरकवली. खाल्ली नाही. नियमात बसत नाही.

आता नाव कळलं. मिसेस लँगडनना सांगायचं नाही.

शुक्रवार, ११ ऑक्टोबर

शेवटची सकाळ. कालपर्यंत सात-सात होतं, म्हणजे सगळं आजच्यावर.

सव्वापाचला पोचलो तर दारात गाडी नाही. पाच चाळीसला आली. काच कोरडी, बॉनेट नक्की गरम असणार. मिरलँड उतरली, हातात कागदी पिशवी. मुलगी उतरताना मला दिसली नाही, पण तिथं झाड आहे आणि अंधार होता. सात वाजता नादेज मागच्या दारानं बाहेर आली आणि थेट माझ्याकडं चालत आली. मी पेन्सिल खाली ठेवली.

"काका, आजीला पहाटे धाप लागली होती. आई औषध आणायला गेली होती, म्हणून गाडी नव्हती. मी इथंच झोपले होते. लिहून घ्या."

"शाळेला उशीर होईल तुला, जा."

"पण लिहून घ्या ना. मी इथंच झोपले होते."

बस आली म्हणून ती गेली, खिडकीतून बघत होती. मुलाचं तोंडी म्हणणं पुरावा धरत नाहीत. शिकवून पाठवलेलं असू शकतं. काच कोरडी होती, हे मी डोळ्यांनी पाहिलं. मी "बाहेर" अशी खूण केली. सात-आठ.

औषधाच्या दुकानात विचारून येता आलं असतं. पण पंधरा सकाळींचं काम झालं होतं आणि गुडघा ठणकत होता. कारण म्हणून लिहीत नाही, फक्त लिहितोय.

बुधवार, ६ नोव्हेंबर

शाळा-मंडळापुढं सुनावणी झाली. लांब टेबल, त्यावर फुलं, पाण्याच्या बाटल्या, पाच सभासद. सगळे आवाज न चढवता बोलत होते. पोलीस ठाण्यात निदान शिव्या तरी देतात.

मिरलँड कामाच्या गणवेशात आली होती. फक्त एवढं म्हणाली, "मी ह्या गावातल्या माणसाला रात्री उठून पाणी पाजते. त्या रात्री माझी मुलगी शेजारच्या खोलीत असते. ती गावची नाही, तर कुठली?" एका बाईंनी मान हलवून कागदावर काहीतरी टिपलं.

म्हातारीनं यायचा हट्ट धरला होता. "ती माझ्या घरात राहते, घर माझं आहे," असं दोनदा म्हणाली. प्रेस्टननं तिच्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं, "आईला हल्ली दिवसांचा घोळ होतो." म्हातारी त्याच्याकडं बघत राहिली.

मला विचारलं. मी अहवाल वाचला. सात-आठ. "शेवटच्या दिवसाबद्दल काही शंका?" अध्यक्षांनी विचारलं.

मी म्हटलं, "काच कोरडी होती."

पाचही हात वर गेले. नादेजला सोमवारपासून यायचं नाही. मिसेस लँगडन दारात म्हणाल्या, "किती नेटकं काम, मिस्टर डुडेक. दव! आम्हाला हे कधी सुचलंच नसतं." बाहेर नादेज दप्तर पोटाशी धरून बाकावर बसली होती. माझ्याकडं बघून तोंड फिरवलं नाही तिनं. फिरवलं असतं तर बरं झालं असतं.

गुरुवार, २८ नोव्हेंबर

सणाचं जेवण टेसकडं. टर्की जरा कोरडी होती, मी चांगली म्हटलं. जूनीनं सेलोवर एक सूर वाजवून दाखवला. शाळा वाद्य घरी देते म्हणे. आमच्या वेळी एक फाटका ढोल होता, तोही बँडमास्तर कुणाला हात लावू देत नसे. पोर्ट व्हॅनर बदलतंय खरंच.

काल कामावरून परतताना ऑर्चर्ड लेनवर बघितलं, अकरा नंबरच्या बंगल्यावर "विकणे आहे" पाटी. म्हातारीला कुठल्याशा वृद्धाश्रमात नेलं, मिरलँडला तर सुनावणीनंतरच्या आठवड्यातच काढलं. वाईट योग एकामागून एक येतात.

टेसला त्या केसबद्दल सांगितलं. ऐकताना ती जूनीच्या केसांतून बोटं फिरवत होती, थांबतच नव्हती. मग म्हणाली, "बाबा, ती मुलगी खरं बोलत होती असं कधी वाटलं का तुम्हाला?"

"वाटून काय उपयोग? पुरावा लागतो."

"हो," ती म्हणाली. "पुरावा लागतो." आणि जूनीला घेऊन आत गेली. सणाच्या दिवशी मी तो विषय काढायला नको होता.

गुरुवार, ५ डिसेंबर

नवी फाइल. मेपल स्ट्रीट, चार नंबरची इमारत, दुसरा मजला. इयत्ता तिसरी, मुलगी. करडी छोटी गाडी. अशा करड्या गाड्या गावात शंभर असतील, टेसचीसुद्धा तसलीच आहे. निनावी फोन: "पोर सकाळी गाडीत बसून वॅफल खातं." वॅफल खाणं हाही आता गुन्हा झालाय!

मिसेस लँगडन म्हणाल्या की मंडळ माझ्यावर फार खूश आहे, माणूस एक असूनही काम दोघांचं निघतं. मी नको म्हटलं तर? म्हटलं नाही, सहज मनात आलं. तर शहरातली कंपनी माणूस पाठवते, कॅमेरा घेऊन.

बुधवार, ११ डिसेंबर

लिहून टाकतो. उद्या धीर होणार नाही.

कडाक्याची थंडी. रात्री हिमदव पडलं होतं, गल्लीतल्या सगळ्या गाड्यांच्या काचा पिठानं सारवल्यासारख्या पांढऱ्या. उशीर झाला होता, सहाला पोचलो. चार नंबरसमोर करडी गाडी उभी. तिचीही काच ओली होती, पण पांढरी नव्हती. पाण्याचे जाड ओघळ खाली आलेले आणि तिथंच गोठलेले, बाटली उपडी केल्यावर येतात तसे. बाजूच्या काचा कोरड्या. बॉनेटवरून वाफ निघत होती.

मला हसूच आलं. म्हटलं, कुणी शहाण्यानं दवाचं ऐकलंय, पण डिसेंबरात दव गोठतं हे त्याला कुणी सांगितलं नाही.

आणि मग हसू थांबलं. कारण मंडळाची माणसं सोडली तर दवाचं मी आयुष्यात एकाच माणसाला सांगितलं होतं. बाकी ते अहवालात गेलं, आणि अहवाल बंद कपाटात असतात.

मागच्या सीटवर लाल लोकरीची टोपी दिसत होती. हेलेनानं आजारपणात विणलेली, एका कानावरची वीण चुकलेली. टोपीखालचं पोर वॅफल खात होतं.

एकतीस वर्षं डिटेक्टिव्ह! ओले केस, तलावाचा वास, सेलो, आणायला येऊ नका. सगळं माझ्याच जेवणाच्या टेबलावर मांडलेलं होतं आणि मी पोर्ट व्हॅनरचं कौतुक करत बसलो. माझ्यासारखा गाढव मीच.

उतरलो. चालत गेलो. टेसनं मला बघितलं आणि स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरलं. काच खाली केली. तिचे ओठ पांढरे पडले होते. लहानपणी काही फोडलं की पडायचे, तसेच.

"ही फाइल तुमच्याकडंच आली?"

"माझ्याकडंच."

"डेबचं घर आहे हे, क्लिनिकमधली. तिनं पत्ता दिला. बाबा, तिकडं तिसरीला एका वर्गात चाळीस मुलं आहेत. जूनीला वाचता येत नव्हतं. तुम्ही तिला गोष्ट वाचायला सांगायचात आणि ती चित्रं बघून बनवून सांगायची. तुम्हाला कळलंही नाही."

मला कळलं नव्हतं. मी टाळ्या वाजवायचो.

"आता वाचते," टेस म्हणाली. रडत नव्हती, पण आवाज सरळ राहत नव्हता. "लिहा काय लिहायचं ते. तुम्ही कुणाला सोडत नाही, मला माहितीय."

माझ्या हातात कागद होता. पंधरा चौकोन, त्यातला पहिलाच. मला त्या क्षणी नादेज आठवली, दुसरं कुणीच नाही. ती खरं बोलली होती. हे मला त्या सकाळीच माहीत होतं. तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं, आणि मी झाडाचं निमित्त केलं. तिला पुलावरून परत ढकलणारा गिरणीचा मालक नव्हता. निळ्या हातांच्या डुडेकचा मुलगा होता, शाबासकीला हपापलेला.

मी कोपरानं काचेवरचे ओघळ फोडायला लागलो. म्हटलं, "थंडीत पाणी ओतायचं नाही, पोरी. असं गोठतं. संध्याकाळीच गाडी इथं लावून ठेवत जा आणि बसनं घरी ये. पहाटे मी तुम्हाला पुलापर्यंत सोडीन, तिथून मागच्या गल्लीनं चालत या." माझाच आवाज, पण ओळखू येईना.

मागची काच खाली झाली. जूनीच्या हनुवटीला पाक लागलेला होता. तिनं आईकडं बघितलं, मग माझ्याकडं, आणि पाठ केलेली कविता म्हणावी तसं एका दमात म्हणाली,

"आजोबा, मी इथंच झोपले होते. लिहून घ्या."

मी लिहून घेतलं.